इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांचे पार्किंग शुल्क आणि मिळकतकर : दोन्ही रद्द करण्याची मागणी एकत्र करावी का?

कृष्णाकाठची

नमस्कार. मी गेली 16 वर्षे इंग्लंडच्या मिडलँड्स भागात राहते. गेल्या हिवाळ्यात माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते येथील एका मोठ्या सरकारी रुग्णालयात 41 दिवस होते. उपचारांबद्दल माझी काहीही तक्रार नाही; पहिल्या रात्री डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी जी धावपळ केली, तिच्यामुळेच ते आज काठीच्या आधाराने का होईना, घरात चालत आहेत. माझा प्रश्न रुग्णालयाच्या दाराबाहेरचा आहे.

यजमानांना गिळायला त्रास होत होता. त्यांना मऊ अन्न द्यायला सांगितले होते आणि वॉर्डातले जेवण ते दोन घासांपुढे घेत नसत. म्हणून मी रोज दुपारी गुरगुट्या भात आणि घोटलेले मुगाचे वरण घेऊन जात असे आणि संध्याकाळी पुन्हा जात असे. दोन तासांपर्यंतचे पार्किंग 3 पौंड 20 पेन्स, म्हणजे दिवसाला 6 पौंड 40 पेन्स. पावत्या मी डब्याच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकत गेले. यजमान घरी आल्यानंतर एके दिवशी पिशवी धुवायला काढली, तेव्हा त्या सगळ्या हाती लागल्या. बेरीज केली, ती 262 पौंड 40 पेन्स झाली. बसने जायचे तर दोन बस बदलाव्या लागतात, तासभर जातो आणि डबा गार होतो, त्यामुळे गाडीला पर्याय नव्हता.

पैशांपेक्षाही एक संध्याकाळ माझ्या मनातून जात नाही. चौथ्या आठवड्यात फिजिओथेरपिस्ट पहिल्यांदा मी असताना आल्या. यजमानांना खाटेवरून खुर्चीवर बसवताना त्यांचा कोणता हात कुठे धरायचा, आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला कसा टेकवायचा, हे त्या मला शिकवत होत्या. घरी हे सगळे मलाच करायचे होते. पण माझे दोन तास संपायला सात मिनिटे उरली होती. त्याआधीच्या आठवड्यात वेळ उलटल्यामुळे मला एकदा दंडाची नोटीस आली होती, म्हणून माझे अर्धे लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होते. मी “एक मिनिट” म्हणून खाली धावले. यंत्रापुढे चार माणसे होती आणि सर्वांत पुढे एक वृद्ध गृहस्थ थरथरत्या हाताने नाणी मोजत होते. मी परत वर आले, तोवर फिजिओथेरपिस्ट पुढच्या रुग्णाकडे गेल्या होत्या.

मी शोध घेतला, तेव्हा कळले की 2021 पासून इंग्लंडमध्ये चार गटांना पार्किंग मोफत आहे : ब्लू बॅज (अपंगांसाठीचा पार्किंग परवाना) असलेले अपंग, वारंवार यावे लागणारे बाह्यरुग्ण, आजारी मुलाजवळ रात्री राहणारे आईवडील आणि रात्रपाळीचे कर्मचारी. वॉर्डात आठवडेच्या आठवडे पडून असलेल्या माणसाला रोज भेटायला येणारी पत्नी यांपैकी कोठेच बसत नाही. त्याच वेळी आणखी एक गोष्ट वाचनात आली. सरकारी रुग्णालय स्वतःच स्थानिक काउन्सिलला, म्हणजे येथील नगरपालिकेला, मिळकतकर (जागा-इमारतींवरचा कर) भरते, आणि 2019 ते 2021 च्या अधिवेशनात पार्किंग शुल्कावर बंदी आणि रुग्णालयांना या करातून सूट अशा दोन्ही गोष्टी एकत्र मागणारे एक खासगी विधेयक हाउस ऑफ कॉमन्समध्ये मांडले गेले होते. त्याचा कायदा झाला नाही.

मला आमच्या खासदारांना पत्र लिहायचे आहे. रुग्णालयाचा कर माफ झाला, तर वाचलेल्या पैशांतून पार्किंगची तूट भरून निघेल, असा माझा साधा हिशेब आहे. तो बरोबर आहे का? दोन्ही मागण्या एकाच पत्रात कराव्यात का? आणखी एक उल्लेख करते, त्याचा या विषयाशी संबंध आहे की नाही हे मला माहीत नाही : शेवटचे नऊ दिवस यजमान वैद्यकीयदृष्ट्या घरी जाण्यायोग्य होते, पण घरी मदतीला येणाऱ्या माणसांची व्यवस्था झाली नव्हती, म्हणून ते तिथेच राहिले. त्या नऊ दिवसांच्याही पावत्या त्या पिशवीत आहेत.

क्लाइडकाठ

ताई, आपल्या यजमानांना लवकर पूर्ण आराम पडो. मी 22 वर्षे ग्लासगोमध्ये आहे, त्यामुळे शुल्क असतानाचे आणि नसतानाचे, असे दोन्ही काळ मी पाहिले आहेत.

स्कॉटलंड सरकारने 31 डिसेंबर 2008 पासून सरकारी रुग्णालयांतील पार्किंग शुल्क बंद केले. मात्र तीन ठिकाणी ते चालूच राहिले : ग्लासगो रॉयल इन्फर्मरी, एडिंबराचे रॉयल इन्फर्मरी आणि डंडीचे नाइनवेल्स. याचे कारण असे की तेथील पार्किंगच्या इमारती खासगी भांडवलातून दीर्घ मुदतीच्या करारांवर बांधलेल्या होत्या आणि शुल्कावर हक्क त्या कंपन्यांचा होता. शहराच्या एका टोकाला राहणाऱ्याला फुकट आणि दुसऱ्या टोकाला राहणाऱ्याला पैसे, ही स्थिती बारा वर्षे टिकली. कोविडच्या काळात तेथेही शुल्क थांबले आणि पुढे 2021 मध्ये सरकारने तीन कोटींहून अधिक पौंड मोजून ते करार संपवले, तेव्हा कुठे विषय मिटला. वेल्समध्येही असेच झाले. घोषणा 2008 ची, परंतु कार्डिफच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमधील करार 2018 मध्ये संपेपर्यंत तेथे पैसे भरावे लागत होते. उत्तर आयर्लंडच्या विधानसभेने 2022 मध्ये शुल्कबंदीचा कायदा केला. तो मे 2024 मध्ये लागू व्हायचा होता, पण शुल्क नसताना गाड्यांची व्यवस्था कशी लावायची आणि बुडणारे उत्पन्न कसे भरायचे याची तयारी नव्हती, म्हणून दुसरा कायदा करून तो 2026 पर्यंत पुढे ढकलला गेला.

हे सगळे मी एवढ्यासाठी सांगतो की शुल्क रद्द करणे अशक्य नाही, हे शेजारच्या राष्ट्रांनी करून दाखवले आहे, परंतु पत्र लिहिण्यापूर्वी आपल्या रुग्णालयाचे पार्किंग कोण चालवते आणि करार किती वर्षांचा आहे, हे अवश्य विचारा. माहितीच्या अधिकाराखाली रुग्णालय चालवणाऱ्या सरकारी संस्थेला, म्हणजे ट्रस्टला, लेखी विचारता येते आणि त्यांना 20 कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावे लागते.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. शुल्क गेल्यानंतर आमच्याकडे जागेचा प्रश्न वाढला. सकाळी सात वाजता कर्मचाऱ्यांच्या गाड्या येतात, रुग्णालय शहराच्या मध्यवर्ती भागात असेल तर कामावर जाणारे इतर लोकही तेथेच गाडी ठेवून जातात, आणि दुपारी दोनला भेटायला येणारा माणूस तीन-तीन मजले फिरत राहतो. माझ्या आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी नेले होते, तेव्हा जागा मिळेपर्यंत आमची वेळ टळली आणि पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. म्हणून नुसते “शुल्क बंद करा” असे न म्हणता, वॉर्डात किंवा तपासणीच्या खिडकीवर गाडीचा क्रमांक नोंदवून रुग्ण आणि नातेवाईक यांना मोफत प्रवेश द्यावा, अशी मागणी करणे मला अधिक योग्य वाटते. फाटकावरचे कॅमेरे गाडीचा क्रमांक वाचतच असतात. आज ते दंड करण्यासाठी वापरले जातात, उद्या ते सवलतीसाठी वापरता येतील.

रात्रपाळी

मी मिरजेला परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि गेली नऊ वर्षे इंग्लंडमधील एका सरकारी रुग्णालयात वृद्धांच्या वॉर्डात काम करते. ताईंनी सांगितलेली ती संध्याकाळ मी खाटेच्या या बाजूने शेकडो वेळा पाहिली आहे. राउंडसाठी डॉक्टर येण्याची ठरलेली अशी वेळ नसते. मुलगा किंवा सून दोन तास थांबते, गाडीची वेळ संपते म्हणून निघते, आणि पाच मिनिटांनी डॉक्टर येतात. मग मीच फोन करून सगळे सांगते, परंतु समोरासमोर बोलण्यात आणि फोनवर ऐकण्यात फरक पडतो. जेवणाचेही तसेच आहे. माझ्या वॉर्डात 28 खाटा आहेत आणि भरवावे लागणारे रुग्ण नेहमीच सात-आठ असतात. घरचे माणूस जेवणाच्या वेळी आले, तर तो रुग्ण पोटभर जेवतो आणि मला दुसऱ्याजवळ बसता येते. नातेवाईक हा आमच्या दृष्टीने पाहुणा नाही, तो आमच्या कामाचा भाग आहे. तरीही सवलतीच्या चार गटांमध्ये त्याला स्थान नाही, हे मला फार चुकीचे वाटते.

कर्मचाऱ्यांबद्दल एवढेच सांगते की सवलत रात्रपाळीपुरती आहे. तीच मी, तीच गाडी, पण दिवसपाळीचा आठवडा असला की पगारातून पार्किंगचे पैसे कापले जातात, आणि परवाना असला म्हणून जागा मिळेलच असे नाही. कोविडमध्ये आम्हा सर्वांना पार्किंग मोफत होते. ती सवलत 31 मार्च 2022 ला संपली.

तरीही माझ्या मनात एक भीती आहे आणि ती लपवणे बरे नव्हे. शुल्क बंद झाले आणि वरून पैसे आले नाहीत, तर तूट कोठून भरतील? पार्किंगच्या जागेवरचे दिवे, पहारेकरी, बर्फ पडल्यावर मीठ टाकणे, हा खर्च तर राहणारच. आमच्याकडे खर्च कमी करायची वेळ आली की पहिल्यांदा रिकाम्या जागा भरणे थांबते. माझ्यासोबत दोनऐवजी एकच मदतनीस उरली, तर ताईंचे 6 पौंड वाचतील, पण त्यांच्या यजमानांना कूस बदलायला उशीर होईल. त्यामुळे “शुल्क रद्द करा” या वाक्याला “आणि तेवढी रक्कम आरोग्य खात्याने ट्रस्टला द्यावी” हे वाक्य जोडलेलेच असले पाहिजे.

ताळेबंद

मी इंग्लंडमधील एका काउन्सिलच्या वित्त विभागात काम करतो. येथे लिहितो ते माझे व्यक्तिगत मत आहे. कृष्णाकाठच्या ताईंनी विचारलेला “साधा हिशेब” साधा नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहावे लागेल.

रुग्णालयाच्या ज्या मिळकतकराला येथे बिझनेस रेट्स म्हणतात, तो नावात बिझनेस असला तरी केवळ दुकानांचा किंवा कारखान्यांचा कर नाही. राहती घरे सोडून बाकी बहुतेक सर्व मिळकतींना तो लागू होतो आणि त्याची आजची चौकट 1988 च्या कायद्याने घातली आहे. सरकारची मूल्यांकन यंत्रणा प्रत्येक मिळकतीचे एक करयोग्य मूल्य ठरवते आणि त्याला त्या वर्षीच्या दराने गुणले जाते. समजा, एखाद्या रुग्णालयाचे करयोग्य मूल्य 40 लाख पौंड आहे. 2024-25 मध्ये इंग्लंडमधील मोठ्या मिळकतींचा दर पौंडामागे 54.6 पेन्स होता. म्हणजे त्या रुग्णालयाचे वर्षाचे बिल 21 लाख 84 हजार पौंड झाले. हीच इमारत धर्मादाय संस्थेची असती, तर कायद्यानेच 80 टक्के सूट मिळाली असती आणि 4 लाख 36 हजार 800 पौंड भरून काम भागले असते.

या फरकाचा त्रास सरकारी रुग्णालयांना किती झाला, हे डर्बीच्या खटल्यावरून कळते. डर्बीच्या रुग्णालय ट्रस्टने आणि इतर अनेक ट्रस्टनी काउन्सिलांविरुद्ध हायकोर्टात दावा केला की आम्ही रुग्णसेवा करतो, मग आम्हालाही धर्मादाय मानून सूट द्या. डिसेंबर 2019 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. ट्रस्ट ही केवळ धर्मादाय हेतूने स्थापन झालेली संस्था ठरत नाही, असा तो निर्णय होता. त्यामुळे आज शुल्क घेऊन उपचार करणारे, पण धर्मादाय म्हणून नोंदलेले रुग्णालय 80 टक्के सूट घेते, आणि सर्वांना मोफत उपचार देणारे सरकारी रुग्णालय पूर्ण कर भरते. मी काउन्सिलचा माणूस असूनही मला हे न्याय्य वाटत नाही.

आता पैसा कसा फिरतो ते पाहा. अर्थखाते आरोग्य खात्याला पैसे देते, तेथून ते एनएचएसमार्फत (सरकारी आरोग्यसेवेमार्फत) ट्रस्टकडे येतात, ट्रस्ट त्यांतून काउन्सिलला कर भरतो, आणि 2013 पासूनच्या व्यवस्थेनुसार बहुतेक ठिकाणी त्यातला अर्धा वाटा केंद्र सरकारकडे परत जातो. एकाच घरातल्या माणसांनी एकमेकांच्या खिशात हात घालावा, तसे हे आहे. सरकारलाही हे कळते, याचा पुरावा घराजवळच्या जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) दवाखान्यात सापडतो : तेथील डॉक्टरांनी भरलेले बिझनेस रेट्स एनएचएस त्यांना परत देते. दवाखान्याला जे समजले, ते रुग्णालयाला का लागू होऊ नये?

यात आणखी एक दोष आहे, त्याची चर्चा फार कमी होते. दुकानाचे मूल्य भाड्यावरून ठरते, परंतु रुग्णालये भाड्याने कोणी देत-घेत नाही. म्हणून त्यांचे मूल्य तशी इमारत आज बांधायला किती खर्च येईल, यावरून काढतात आणि इमारतीच्या वयानुसार त्यात घट धरतात. परिणाम असा की गळके छत आणि अरुंद मार्गिका असलेल्या जुन्या इमारतीला कर कमी, आणि नवीन शस्त्रक्रिया विभाग बांधला की करयोग्य मूल्य वाढते. ट्रस्टने कर्ज काढून किंवा अनुदान मिळवून चांगले काम केले की पुढच्या वर्षापासून त्याचे बिल चढते, आणि ते दरवर्षी भरावे लागते.

असे असूनही ताईंचा हिशेब मी चुकीचा का म्हणतो, ते सांगतो. रुग्णालयाचा कर माफ झाला, म्हणजे ट्रस्टच्या हाती तेवढे नवे पैसे आले, असे आपोआप होत नाही. अर्थखाते म्हणेल की तुमचा खर्च कमी झाला, आता तुमचे अनुदानही तेवढे कमी. फिरणारा पैसा फिरायचा थांबेल, पण नवा पैसा तयार होणार नाही. पार्किंगचे तसे नाही. तो पैसा थेट कुटुंबाच्या खिशातून येतो, म्हणून तो बंद केला की खरी तूट पडते. कोविडपूर्वी इंग्लंडमधील रुग्णालयांना रुग्ण, नातेवाईक आणि कर्मचारी यांच्याकडून पार्किंगपोटी वर्षाला 20 कोटी पौंडांहून अधिक मिळत होते. एका कुटुंबाला ही झळ मोठी आहे, परंतु 15,000 कोटी पौंडांहून मोठ्या आरोग्य खर्चात ती हजार पौंडांमागे फार तर दोन पौंडांची बाब आहे. एवढी रक्कम अर्थसंकल्पातून सरळ देता येते. त्यासाठी मिळकतकराच्या वळणाने जाण्याची गरज नाही. शिवाय जे शुल्क आपण भरता, ते सगळे रुग्णालयाला मिळते असेही नाही. त्यात 20 टक्के व्हॅट धरलेला असतो, म्हणजे आपल्या 3 पौंड 20 पेन्सांपैकी 53 पेन्स कराचे. आपल्या 262 पौंडांतील सुमारे 44 पौंड अर्थखात्याकडे गेले, ते ना पार्किंगच्या दिव्यांना लागले ना वॉर्डाला.

आता आपण ज्याचा संबंध आहे की नाही म्हणालात, त्या नऊ दिवसांकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने या चर्चेचा गाभा तेथे आहे. रुग्णालयातून घरी गेलेल्या माणसाला सकाळी अंघोळ घालायला, जेवण द्यायला जी माणसे येतात, त्यांची व्यवस्था बहुतेक वेळा काउन्सिल करते किंवा त्यात सहभागी असते. प्रौढांची आणि मुलांची काळजी हा आमच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग आहे, आणि बिझनेस रेट्सचा आमच्याकडे राहणारा वाटा त्याच खर्चाला लागतो. भरपाई न देता रुग्णालयांना करमाफी दिली, तर ज्या शहरात मोठे रुग्णालय आहे, त्याच शहराच्या काउन्सिलला सर्वांत मोठा फटका बसेल. मग घरी पाठवायची माणसे आणखी कमी होतील, रुग्ण नऊऐवजी पंधरा दिवस अडकतील, खाट अडेल, आणि तातडीच्या विभागात दुसरे कोणी ट्रॉलीवर पडून राहील. रुग्णालयाचा कर वाचवून रुग्णालयाचेच नुकसान होईल.

यावर मार्ग आहे आणि तो नवा नाही. केंद्र सरकार स्वतः एखादी सवलत जाहीर करते, उदाहरणार्थ लहान दुकानांसाठी, तेव्हा काउन्सिलचे बुडालेले उत्पन्न 2003 च्या कायद्यातील कलम 31 खाली अनुदान देऊन भरून काढते. रुग्णालयांसाठी हेच करावे, अशी मागणी करता येईल. आणि कायदा बदलता येत नाही, असे कोणी म्हणाले, तर त्यांना खासगी शाळांचे उदाहरण द्या. धर्मादाय म्हणून त्यांना मिळणारी हीच सूट इंग्लंडमध्ये एप्रिल 2025 पासून संसदेने काढून घेतली. सूट कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे शेवटी संसदच ठरवते.

तेव्हा माझा सल्ला असा : दोन्ही मागण्या करा, पण एकीच्या खर्चाचा भार दुसरीवर टाकू नका. पार्किंगसाठी केंद्राकडून स्वतंत्र रक्कम मागा, करमाफीसाठी काउन्सिलला भरपाई मागा.

औदुंबर_सांगली

मी सांगलीत वकिली करतो. धर्मादाय रुग्णालयाला सूट आणि सरकारी रुग्णालयाला नाही, हे वाचून एक विचारावेसे वाटते. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 अअ नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, तसेच एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. अंमलबजावणीत किती उणिवा आहेत, ते आम्ही रोज पाहतो. नातेवाईक धर्मादाय कार्यालयात खेटे घालतात, उत्पन्नाचा दाखला वेळेवर मिळत नाही, आणि खाट “भरली आहे” असे सांगितले जाते. पण निदान सवलतीच्या बदल्यात काय द्यायचे, ते आकड्यांत लिहिलेले आहे, म्हणून त्यावर भांडता येते. इंग्लंडमध्ये त्या 80 टक्के सवलतीच्या बदल्यात असे काही ठरलेले आहे का?

ताळेबंद

वकीलसाहेब, आकड्यांत नाही. धर्मादाय संस्थेचे काम लोकहिताचे असले पाहिजे, एवढी अट 2011 च्या कायद्यात आहे आणि गरिबांना पूर्णपणे वगळता येत नाही, असे मानले जाते. पण किती खाटा, किती टक्के, असे काही नाही. आपण उल्लेख केलेली पद्धत येथे आली, तर खासगी धर्मादाय रुग्णालयांना मिळणाऱ्या सवलतीचा हिशेब तरी मागता येईल. परंतु तो स्वतंत्र विषय आहे. सरकारी रुग्णालयाला सूट देण्यासाठी दुसऱ्याची सूट काढलीच पाहिजे, असे मी म्हणणार नाही.

क्लाइडकाठ

ताळेबंद यांच्याशी मी एका मुद्द्यावर असहमत आहे. करमाफीला भरपाईची अट घातली, तर ती मागणी वर्षानुवर्षे समित्यांमध्ये फिरत राहील आणि तिला बांधलेली पार्किंगची मागणीही अडकेल. येथे स्कॉटलंडमध्ये शुल्क गेले, तेव्हा रुग्णालये मिळकतकर भरतच होती आणि आजही भरतात. एक होण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहिली नाही, म्हणूनच ते झाले. ताईंनी पत्रात पार्किंग आधी आणि ठळकपणे मांडावे. खासदाराला 41 दिवसांच्या पावत्या समजतात, करयोग्य मूल्य समजायला वेळ लागतो.

रात्रपाळी

क्लाइडकाठ यांचे म्हणणे मला पटते. आणि ताई, आपण पूर्ण मोफत पार्किंगची वाट पाहण्याआधी एक छोटी मागणी करता येईल. चार गटांमध्ये पाचवा गट घालावा : सलग सात दिवसांहून अधिक काळ वॉर्डात असलेल्या रुग्णाचे एक जवळचे नातेवाईक. वॉर्डच्या मुख्य परिचारिकेने सही करून गाडीचा क्रमांक कळवला की पुरे. काही रुग्णालयांत असा आठवड्याचा सवलतीचा पास मागितल्यास मिळतो, पण तो आहे हे सांगणारे पत्रक कोठेच नसते, त्यामुळे ज्याला माहीत आहे त्यालाच तो मिळतो. मी माझ्या वॉर्डात आता दाखल होताना प्रत्येक कुटुंबाला ते तोंडी सांगते.

कृष्णाकाठची

आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. त्या नऊ दिवसांबद्दल मी आतापर्यंत रुग्णालयालाच दोष देत होते. घरी येणाऱ्या बाईंचे पैसे आणि रुग्णालयाचा कर एकाच काउन्सिलच्या वहीत येतात, हे मला ठाऊक नव्हते. आता त्या रोज सकाळी आठला येतात, यजमानांचे मोजे घालून देतात, आणि मला दहा मिनिटे शांतपणे चहा पिता येतो. त्यांच्या पगाराला कात्री लागेल अशी कोणतीही मागणी माझ्या नावाने जाणार नाही.

पत्राचा मसुदा मी बदलला आहे. पहिल्या परिच्छेदात पाचव्या गटाची मागणी आहे. दुसऱ्यात इंग्लंडमधील सर्व सरकारी रुग्णालयांचे शुल्क बंद करून ती रक्कम केंद्राने द्यावी, आणि क्रमांक नोंदवून रुग्ण व नातेवाईकांना प्रवेश द्यावा, असे लिहिले आहे. मिळकतकराचे दुसरे, वेगळे पत्र करीन आणि त्यात कलम 31 च्या भरपाईचा उल्लेख घालीन. ताळेबंद, ते पाठवण्याआधी आपण एकदा नजरेखालून घालाल का? पार्किंगच्या कराराबद्दल ट्रस्टला लेखी विचारणा काल केली आहे. उत्तर आले की येथेच कळवीन.

खासदारांच्या कार्यालयाकडून पुढच्या शुक्रवारी दुपारची वेळ मिळाली आहे. यजमान म्हणतात, मी पण येणार. पावत्या मी तारखेप्रमाणे लावून दोऱ्याने बांधून ठेवल्या आहेत, त्या तशाच घेऊन जाऊ.